तबक उलटं करून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाणखान्याच्या सजावटीवरचा लेख वाचला. फोटो देखणे आहेत. सहा पायांच्या लाकडी घडवंचीवर तांब्याचं मोठं तबक, शेजारी शिंपल्याचं जडावकाम केलेलं अष्टकोनी मेज. पण ‘जुनं मूरिश तबक लिंबू-मिठाने खसखसून घासा, नव्यासारखं चमकेल, हवं तर मधोमध भोक पाडून घड्याळ बसवा’ हा सल्ला वाचला आणि जीव कळवळला. माझं माहेर कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं. वडील आणि दोन्ही काका घागरी, बंब, घंगाळी मठारायचे, म्हणजे हातोडीने ठोकून घडवायचे. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

२०१८ साली मी मुलीबरोबर मोरोक्कोला गेले होते. फेज शहराच्या जुन्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद की सामान अजून गाढवांवरून जातं. तिथे करावियीन मशिदीला लागून सफारीन नावाचा चौक आहे. सफारीन म्हणजे तांब्यापितळेचं काम करणारे. थोडक्यात, तीसुद्धा तांबट आळीच. चौक दिसायच्या आधी दोन वळणांवरून ठोके ऐकू आले आणि माझे पाय आपोआप भराभर पडू लागले. लग्नकार्याला भाड्याने देतात ती माणूस आत बसेल एवढी पातेली तिथे ओळीने मांडलेली होती. आमच्याकडेही लग्नसराईत अशीच रांग लागायची.

एक कारागीर मोठ्या भांड्याचा तळ ठोकत होता. पत्रा मऊ असतो तेव्हा ठोका बसका वाजतो. ठोकून ठोकून तांबं ताठरलं की आवाज चढतो. वडील पाठमोरे बसलेले असले तरी माझ्या भावाला म्हणायचे, ‘‘आवाज चढला बघ, आता भट्टी दाखव.’’ ताठरलेलं तांबं तसंच ठोकत राहिलं तर चिरतं. मी मुलीला म्हटलं, ‘‘आता हा उठून तापवायला नेईल.’’ तो चार-पाच ठोक्यांत उठला आणि भांडं विस्तवावर धरलं. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

तिथेच एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून मुलीने जुनं, वापरातलं तबक घेतलं. दोन फूट व्यासाचं, सव्वातीन किलोचं. तिथे त्याला ‘सिनिया’ म्हणतात, म्हणजे मुळात ‘चिनी’. आणि गंमत अशी की आपला ‘तबक’ हा शब्द अरबीतून आलेला आहे. पुदिन्याचा चहा, किटली आणि काचेचे छोटे पेले त्यावर मांडून पाहुण्यांपुढे आणायचे, हे त्याचं काम. दुकानदाराने नक्षी दाखवलीच नाही, आधी तबक उलटं केलं. मागे हातोडीच्या खुणा माशाच्या खवल्यांसारख्या एकीला एक लागून होत्या. पुढच्या बाजूला मध्यावरच्या ताऱ्यापासून कडेपर्यंत छिन्नीने कोरलेली नक्षी, आणि तिच्यावर करडी कल्हई. किटली जिथे ठेवत तिथे कल्हई झिजून खालचं लालसर तांबं गोलाकार उघडं पडलं होतं. कुणाच्या तरी घरातल्या कित्येक वर्षांच्या चहाची ती खूण.

मुलीच्या घराच्या सजावटीचं काम घेतलेल्या माणसाने हे तबक ‘स्वच्छ करून आणतो’ म्हणून नेलं. बफिंग मशीनवर धरून उरलीसुरली कल्हई उडवली, नक्षीच्या रेषांच्या कडा बोथट केल्या आणि वरून लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, मारलं. मधला गोल गेला. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं, त्याने असलेच लेख वाचले असणार. आता दोन पावसाळ्यांनंतर लॅकर जागोजागी सुटलंय आणि त्याखाली तांबं डागाळलंय.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. रोजच्या तांब्या-कळशीला चिंच-मीठ जरूर लावा, ती रोज खळखळून धुतली जातात. पण कोरीव तबकाच्या रेषांत मीठ अडकून राहतं आणि दमट हवेत तिथूनच हिरवा कळंक चढतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ दात-ब्रश आणि लगेच कोरडं फडकं, एवढं पुरे. काळपटपणा तसाच राहू द्या, त्यामुळेच नक्षी उठून दिसते. शिंपल्याच्या जडावाला तर ओलं फडकंही नको. पाण्याने डिंक सुटतो आणि तुकडे एकेक करून निखळतात.

दुसरी गोष्ट ‘मूरिश’ या नावाची. ‘मूर’ हे युरोपीयांनी उत्तर आफ्रिकेतल्या आणि स्पेनमधल्या मुसलमानांना दिलेलं नाव. ग्रॅनडाच्या अलहम्ब्रा महालाची नक्षी एकोणिसाव्या शतकात युरोपभर गाजली. १८५४ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रदर्शन-इमारतीत ओवेन जोन्स या वास्तुरचनाकाराने अलहम्ब्राच्या एका भागाची प्रतिकृतीच उभी केली. मग श्रीमंतांच्या घरात ‘मूरिश’ खोल्या सजवायची टूम निघाली. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलरच्या घरातली अशी एक खोली आज ब्रुकलिन म्युझियममध्ये जपून ठेवली आहे. त्या लाटेत फेजचं तबक, कैरोचा दिवा आणि दमास्कसचं शिंपल्याचं मेज असं सगळं एकाच नावाखाली विकलं गेलं. दमास्कसचे कारागीर पितळेत चांदीच्या तारा ठोकून अक्षरं बसवत. फेजच्या छिन्नीकामाशी त्याची गल्लत होऊच शकत नाही. बनारसची पितळी तबकंसुद्धा घडीच्या पायांवर बसून विलायतेतल्या दिवाणखान्यांत पोचली होती. आज आपल्या दुकानांत ‘मोरोक्कन’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी वस्तू मुरादाबादच्या असतात. मुरादाबादचं काम उत्तम असतं, मग ते मुरादाबादचं म्हणूनच विकावं. घडवणाऱ्याच्या गावाचं नाव पुसलं की त्याच्या मजुरीचा मोलभाव करणं सोपं जातं, हे मी आमच्या आळीत डोळ्यांनी पाहिलंय. गिऱ्हाईक किलोवर भाव विचारायचं आणि वडील गप्प व्हायचे.

घेताना तबक उलटं करा. हाताने घडवलेल्यावर ठोक्यांच्या खुणा एकसारख्या नसतात. मशीनवर ओढलेल्याच्या पाठीवर बारीक गोल वळ्या दिसतात. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.

मुलीचं तबक आता माझ्याकडे आहे. भिंतीला टेकवायचं म्हणून त्याच्या पाठीला मशीन लागली नाही, तेवढी बाजू वाचली. ते मी घडवंचीवर पालथं ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या खवल्यांवरून बोटं फिरवायला सांगते. आपल्याकडे एकच मागणं आहे: पुढच्या वेळी अशा तबकाचा फोटो छापाल तेव्हा एक फोटो त्याच्या पाठीचाही छापा.

आपली नम्र,
तांबट आळीतली एक माहेरवाशीण, पुणे