मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर फिक्स की फ्लोट ते छापा

संपादक महोदय,

उपग्रहांच्या मदतीने जमीन मोजणारा रोव्हर आला, आता बांधाचे वाद मिटतील, असे निफाड-दिंडोरीकडे सर्रास ऐकू येते. यंत्र चांगलेच आहे. पण पडद्यावर ‘फिक्स’ आहे की ‘फ्लोट’, हे बघायला शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

मोबाइलचे जीपीएस मोकळ्या रानात तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवते. रोव्हर तेच उपग्रह वापरतो. फक्त तो स्थिर केंद्राकडून मोबाइल इंटरनेटवर दुरुस्ती घेतो आणि उपग्रहापर्यंत सुमारे १९ सेंटिमीटरच्या लहरी किती मावतात ते ठरवतो. हा आकडा पक्का झाला की फिक्स. चूक दोन-तीन सेंटिमीटर. नाही झाला तर फ्लोट, आणि चूक हातभरही असते. पडद्यावर दशांशचिन्हानंतरचे तीन आकडे मात्र दोन्ही वेळी तितक्याच रुबाबात झळकतात.

आंब्याखाली, पत्र्याच्या शेडलगत उपग्रहाचा संदेश अडतो किंवा आपटून येतो, तेव्हा चुकीचाच फिक्स लागू शकतो आणि हे सगळ्यात घातक. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात रेंज गेली की दुरुस्तीच येत नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारी आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दाट असते. आपल्या अक्षांशावर त्याचा त्रास अधिक, आणि केंद्र लांब असेल तर फिक्स रेंगाळतो. अशा वेळी सकाळचीच मोजणी बरी. उरली रोव्हरची काठी: दोन मीटरची काठी एक अंश कलली तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते. काठीवरच्या पातळीचा बुडबुडा मध्यावर नसेल तर उपग्रहांना दोष देऊ नये.

उपाय अवघड नाहीत. काम सुरू करताना व संपवताना माहितीच्या एका पक्क्या खुणेवर रोव्हर लावून फरक पाहावा. प्रत्येक कोपरा अर्ध्या तासाच्या अंतराने, फिक्स नव्याने घेऊन, दोनदा मोजावा. पाच सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. झाडाखालचा कोपरा असेल तर मोकळ्यात दोन बिंदू घ्यावेत आणि तिथून टेपने अंतरे टाकावीत. पीडीओपी (उपग्रहांची आकाशातली मांडणी किती सोयीची ते सांगणारा आकडा; लहान तितका बरा) सहावर गेला की थांबावे.

आणखी एक. रोव्हर हद्द ठरवत नाही. हद्द टिपण-फाळणी या जुन्या मोजणीच्या कागदांवरून ठरते, आणि ते कागद साखळीने जमीन मोजण्याच्या काळातले आहेत. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर यंत्र कितीही अचूक असो, खुंटी वादातच ठोकली जाते.

म्हणून भूमी अभिलेख विभागाला विनंती: हद्दकायम मोजणीच्या ‘क’ प्रतीवर (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर) प्रत्येक कोपऱ्यापुढे फिक्स की फ्लोट, पीडीओपी, केंद्राचे अंतर व वेळ छापावी. लगतधारकांनीही सही करण्याआधी हे विचारावे. यातले बहुतेक सगळे यंत्राच्या फाइलमध्ये नोंदलेले असते. छापायला चार रकाने लागतील.

– एक भूमापक, नाशिक