तुझं कार्ड, माझा बोर्ड

प्रिय बाळ्या,

मुक्काम तोच, तालुका आर्वी. सोयाबीन काल निघालं.

दोन वर्षं ना पत्र ना फोन, आणि आज एकदम लिहायला बसलो. पैसे मागत नाही, घाबरू नको. इकडे सगळे बरे. बाबांचा गुडघा तसाच.

झालं असं की काकूंनी दिवाळीच्या सफाईत माळा रिकामा केला आणि मला हाक मारली. "हे दोन पंख्यावालं काय होय रे? भंगारवाला पन्नास रुपये देऊन राहिला." पाहतो तर तुझं जीटीएक्स 970, गेमसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड! बियाण्याच्या थैलीत गुंडाळलेलं. मी तर समजत होतो, तू ते पुण्यात विकून मोकळा झालास. त्यावरून तुला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. अर्ध्या परत घेतो. अर्ध्या काकूंना न सांगता गेलास त्याच्या.

रात्री माझ्या फॉर्म भरायच्या सेंटरचं शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आतून एक पाल निघाली, तिच्याशी आधी मिटवलं. माझं तसलंच कार्ड वर, तुझं खाली. चार सहा-पिनी वायरी लागतात, माझ्या 450 वॅटच्या सप्लायला दोनच. बाकीचा जुगाड सांगत नाही, तू ओरडशील. मशीन चालू झालं, दोन्ही कार्डांचे पंखे फिरले, विंडोजनं दोन्ही ओळखले. माझे हात थरथरत होते लेका. कंट्रोल पॅनेल उघडलं, तर एसएलआयची, म्हणजे दोन कार्डं एकाच गेमला जुंपायची, ओळच नाही. म्हणजे पर्याय बंद आहे असंही नाही, तिथं काही नव्हतंच.

हसून घे.

सीताबर्डीतलं ते दुकान आठवतं ना, 2017 ची दिवाळी? मदरबोर्ड घेताना तू "झेडच घे, झेडच घे" करून राहिला होतास आणि मी स्वस्तातला बी धरून, काउंटरवर हात आपटून म्हटलं, "बोर्ड तो बोर्ड, दोन लांब स्लॉट आहेत ना?" दोन हजारांच्या फरकावरून आपण परतीच्या बसमध्ये आर्वीपर्यंत बोललो नाही. तू मला भैताड म्हणालास, तेही कंडक्टरसमोर.

आता ऐक. तू तर्री पोहे सांगायला बाहेर गेलास तेव्हा दुकानदारानं मला सगळं समजावलं होतं. प्रोसेसर कार्डांना सोळाच लेन, म्हणजे डेटा न्यायचे रस्ते, देतो. झेड 270 त्या आठ-आठ वाटतो. बी 250 सगळ्या सोळा वरच्या स्लॉटला सोडतो, आणि खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी त्याला बोर्डावरच्या चिपसेटकडून चारच. कार्डवाल्या एनव्हिडियाला एसएलआयसाठी कमीत कमी आठ हव्यात. एका मोटारीचं पाणी दोन वावरांत वाटायचं तर व्हॉल्व्ह लागतो, झेडमध्ये तो आहे, बीमध्ये नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं.

पण त्या वर्षी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली होती. खिशात जे होतं त्यात झेड बसत नव्हता. तुला सांगितलं असतं तर तू दोन हजार काढून दिले असतेस. तेच नको होतं. म्हणून भांडलो. बायकोलाही हे माहीत नाही.

बरं, तुझं काय? नोकरी बदललीस असं काकू म्हणाल्या. पोरगी शाळेत जायला लागली म्हणे. फोटो पाठव.

आता मूळ मुद्दा, बोर्ड कोणता. नवा मिळणार नाही, जुनाच शोधायचा. परवा एकानं झेड 370 दाखवला. सॉकेट तोच 1151, माझा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आय-फाइव्ह 7400, त्यात बसतोसुद्धा, पण चालू होत नाही, तो बोर्ड आठव्या पिढीपासून पुढचा. सोयरीक जुळावी आणि गोत्र एक निघावं तसं. झेड 170 चालेल, पण त्याचं बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं पाहिजे, आणि काही बोर्ड डीडीआर-3 रॅमचे निघतात, माझी रॅम डीडीआर-4. म्हणून झेड 270. तोही असा की दोन कार्डांच्या मधे एका बोटाची तरी हवा खेळेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वरच्या कार्डाला खालच्याची गरम फुंकर बसली तर त्यावर भाकरी भाजेल. सप्लायही 750 वॅटचा लागणार, आणि लाईन इथली, म्हणजे स्टॅबिलायझर आलाच.

शहाणपणा नाही हे मलाही कळतं. चार आणि चार जीबी मिळून आठ होत नाहीत, दोन्ही कार्डांत तोच डेटा भरतो, म्हणजे चारच. आपल्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एकेका गेमला दोन कार्डं वापरायला लावणाऱ्या सेटिंग, एनव्हिडियानं 1 जानेवारी 2021 पासून बंद केले. नव्या गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं खोली तापवेल. बायको म्हणते, "अहो, एवढ्या पैशात एकच चांगलं घ्या ना." बरोबर आहे तिचं. पीक विम्याचे अर्ज आणि सातबारे काढायला तर एकही नको. पण आपला तो गाडीचोरीचा गेम जुना आहे, त्याचं प्रोफाइल आहे, आणि तो हॉस्टेलच्या त्या खोलीत सेकंदाला बावीस फ्रेमवर रडतखडत चालायचा. मला तो एकदा दोन्ही कार्डांवर पाहायचा आहे. तू बाजूला पाहिजेस, शिव्या द्यायला.

तर पुण्यात जुना झेड 270 बघ. घेताना मोबाइलचा टॉर्च लावून सॉकेटच्या पिना पाहा, एक जरी वाकलेली दिसली तरी सोड. पैसे मी देणार, यावर वाद नको. सोयाबीन विकलं की पाठवतो.

आणि तो एसएलआय ब्रिज, दोन कार्डं जोडायची पट्टी. बोर्ड यायच्या आधीच विकत घेऊन ठेवला होतास, दोस्तांत मिरवत फिरायचास. काकूंच्या माळ्यावर तो नव्हता, मी थैली दोनदा झटकली. म्हणजे पुण्याला नेला आहेस. दिवाळीला येताना घेऊन ये.

तुझा,
भैताड