केळशीच्या वाळूच्या टेकडीसाठी पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: केळशी (ता. दापोली, जि. रत्नागिरी) येथील वाळूच्या टेकडीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा पूर्व किनारा काढायचा, ओडिशाजवळ एक लांबट आकार निळ्या खडूने भरायचा आणि खाली लिहायचं, 'चिलिका, खाजण सरोवर'. वर्गात कोकणातलं एखादं मूल असलं की ते हमखास हात वर करायचं. "बाई, आमच्याकडे खाजण म्हणजे खाडीकाठची चिखलाची जमीन." मी म्हणायचे, पुस्तकात दिलंय तसं लिही.

गेल्या माघात मी चिलिका पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. त्या मुलांना मी नीट उत्तर द्यायला हवं होतं, असं तेव्हापासून सारखं वाटतंय. पुस्तकातलं खाजण आणि त्यांचं खाजण एकमेकांपासून फार लांब नाहीत. दोन्हीकडे समुद्र आणि मागचं पाणी यांच्यामध्ये वाळू उभी असते. ती आहे म्हणून मागचा चिखल आहे, मासळी आहे, भाताची खाचरं आहेत.

सातपाड्याहून आम्ही होडी केली. उन्हाळ्यात साधारण ९०० आणि पावसाळ्यात ११६५ चौरस किलोमीटर पसरणारं हे पाणी कमरेएवढं, फार तर दोन पुरुष खोल आहे, यावर विश्वास बसत नाही. बंगालच्या उपसागराच्या बाजूला सुमारे ६० किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. त्याला राजहंस म्हणतात. आम्ही त्या दांड्यावर उतरलो. एका बाजूला फुटणाऱ्या लाटा, दुसऱ्या बाजूला ताटासारखं स्थिर पाणी आणि मध्ये वाळूची ती चिंचोळी पट्टी. तीस वर्षं मी हे सरोवर शिकवताना पाण्याबद्दलच बोलत होते. वाळूबद्दल एक वाक्यही सांगितलं नव्हतं.

चिलिकेची अलीकडची गोष्ट आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना ठाऊक असेलच. १९८१ साली भारतातल्या पहिल्या रामसर स्थळांपैकी एक, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली आणि १९९३ मध्ये तेच धोक्यात आलेल्या पाणथळींच्या यादीत गेलं. किनाऱ्याने सरकणाऱ्या वाळूमुळे समुद्राकडचं मुख लांब जात राहिलं आणि गाळाने भरत गेलं. खारं पाणी आत येईना. पाणवनस्पती माजल्या, मासळी आटली. सप्टेंबर २००० मध्ये दांड्यातून नवं मुख खोदलं, तेव्हा मासळी अनेक पटींनी परतली आणि २००२ मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेर आलं. नलबणाच्या पक्षी अभयारण्यात कुणालाही उतरू देत नाहीत, पक्षी लांबूनच बघायचे. हिवाळ्यात अलीकडे सरोवरावर दहा लाखांहून जास्त पक्षी मोजले जातात. सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. इरावती डॉल्फिन दिसला की चार-चार होड्या त्याच्या मागे लागतात, ते पाहून मला वाईट वाटलं. पण हे सगळं बघायला १९९१ पासून एक स्वतंत्र प्राधिकरण आहे. तक्रार घेऊन कुठे जायचं, हे तिथल्या होडीवाल्यालाही माहीत होतं.

परतताना पुरी ते कोणार्क रस्त्याने आलो. हा रस्ता बालुखंड-कोणार्क अभयारण्यातून जातो. बालुखंड, म्हणजे वाळूचा मुलूख. वाळूच्या टेकड्या, त्यांवर सुरूच्या आणि काजूच्या झाडांची लागवड. १९८४ साली एका राज्याने किनाऱ्यावरच्या वाळूला अभयारण्य म्हटलं. ३ मे २०१९ ला फणी वादळ इथेच जमिनीवर आलं आणि हजारो झाडं आडवी झाली. वाचलेल्या झाडांत नव्याने लावलेली रोपं मी पाहिली. अभयारण्याच्या पाटीसमोर उभी असताना मला केळशी आठवली.

केळशी माझं आजोळ. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगड करत आम्ही मे महिन्यात जायचो. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची एक टेकडी आहे. पावलांखालून वाळू घसरत राहायची आणि वर पोचेपर्यंत पायांत गोळे यायचे. समुद्राच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली असायची, जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या दुभंगलेल्या पानांची. तिच्या पुढे रावणाच्या मिशा, ज्यांचे काटेरी गोळे वारा पुळणीवरून पळवत नेई. मर्यादवेल उपटलेली आजीला खपायची नाही. 'दर्याची हद्द आहे ती,' एवढंच ती म्हणायची. तिच्या बोलण्यातलं शास्त्र मला फार उशिरा समजलं. वाऱ्याने उडणारी वाळू त्या वेलीत अडकते, वेल गाडली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा वाळू धरते. टेकडी अशी वाढते. वादळात लाटा त्याच साठ्यातली वाळू ओढून नेतात, त्यात त्यांचा जोर मोडतो आणि पावसाळ्यानंतर समुद्र ती बरीचशी परत आणून टाकतो. सिमेंटच्या भिंतीला हे देणंघेणं जमत नाही. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. शिवाय पावसाचं गोडं पाणी या वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही अशा पुळणीमागच्या विहिरींना पिण्याजोगं पाणी लागतं.

केळशीच्या टेकडीला आणखी एक मोल आहे आणि ते पुण्यातल्या माणसांनी शोधलं. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिच्या थरांमध्ये त्यांना खापरं, कोळसा, शंख-शिंपले, जुनी नाणी सापडली. त्यावरून १५२४ च्या सुमाराच्या त्सुनामीचा या टेकडीशी संबंध असल्याची मांडणी त्यांनी केली. त्याच साली दाभोळच्या आसपास वास्को द गामाच्या ताफ्याखालचा समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे आणि दाभोळ केळशीच्या दक्षिणेला फार लांब नाही. त्सुनामीबद्दल अभ्यासकांनी वाद घालावा. पण वाद घालायला टेकडी जागेवर तर हवी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नातवंडांना घेऊन गेले होते. दुपारी एक मोठी गाडी पुळणीवरून थेट टेकडीच्या उतारावर चढली. पाटी एमएच १२, आमच्याच पुण्याची. चाकं वाळूत रुतली. गाडीतल्या तरुणांनी ती पुढे-मागे करून आणखी खोल घातली. शेवटी गावातून ट्रॅक्टर आणून दोरखंडाने ओढून काढली. गाडी निघाली तिथे मर्यादवेलीचा खाटेएवढा पट्टा मुळासकट उलटा होऊन पडला होता. माझी नात म्हणाली, "आजी, तू त्यांना का नाही बोललीस?" मी बोलले नव्हते, हे खरं. त्या दिवसाचं ओझं मनावर आहे आणि हे पत्र त्यातूनच लिहिते आहे.

गाडीतल्या त्या मुलांना कायदा मोडल्याचं माहीतही नसावं. कायदा मात्र आहे. २०११ आणि २०१९ या दोन्ही सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनांमध्ये वाळूच्या टेकड्या कांदळवन, प्रवाळ आणि कासवांच्या विणीच्या जागांच्या पंक्तीला, सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. त्या सपाट करायला, त्यांचं रूप बदलायला बंदी आहे. पण कांदळवनाच्या मागे २००५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश उभा राहिला, २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, आणि आज खाडीकाठच्या माणसाला कांदळ तोडताना भीती वाटते. वाळूच्या टेकडीला ना कक्ष, ना पाटी, ना पहारा. गावातल्या माणसाला ती मोकळी जागा वाटते आणि पुण्याहून आलेल्याला गाडी चालवून बघायची जागा.

म्हणून माझी मागणी एका टेकडीपुरती आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला हा दर्जा मिळाला आहे. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या जंगलाला मिळाला, आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका लहानशा माशाच्या अधिवासालाही मिळाला. बोटाएवढ्या माशासाठी हे करू शकणाऱ्या राज्याला केळशीची टेकडी जड नाही. आपण वनमंत्र्यांशी आणि जैवविविधता मंडळाशी बोलून हा प्रस्ताव पुढे न्यावा. त्याआधी ग्रामसभेत जावं, गावाला विचारावं. पुण्याहून कुणीतरी मागितलं म्हणून गावावर काही लादलं जाऊ नये, हे मी आजोळच्या नात्याने मुद्दाम लिहिते.

दर्जा मिळेपर्यंत थांबण्याची गरज नसलेली कामंही आहेत. टेकडीची हद्द मोजून दगड रोवा आणि ती गावनकाशावर चढवा. गाड्या पुळणीच्या बऱ्याच अलीकडे थांबवा आणि त्या वाहनतळाचं उत्पन्न ग्रामपंचायतीला द्या. पायवाट एकच ठेवा, लाकडी फळ्यांची, म्हणजे वेल तुडवली जाणार नाही. समुद्राकडच्या उतारावर नव्याने सुरू लावू नका. सुरूची सावली आणि सरपण गावाला हवं असतं, हे मी जाणते. पण सुरूच्या काड्यांच्या दाट थराखाली मर्यादवेल टिकत नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडे सुरूची बनं कशी उन्मळली ते साऱ्या कोकणाने पाहिलं. सुरू मागे असू द्या, पुढे वेल राहू द्या. केळशीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि गावातली माणसं त्यांची घरटी राखतात. टेकडी राखायला माणसं शोधावी लागणार नाहीत, त्यांना अधिकार आणि मेहनताना मात्र द्यावा लागेल.

पुण्याकडून जे करता येईल ते मी सुरू केलं आहे. आमच्या सोसायटीतून आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांमधून दर सुट्टीला कोकणात जाणारी पंचवीस-तीस घरं आहेत. पुळणीवर गाडी घालणार नाही, असं त्या प्रत्येकाकडून मी लिहून घेते आहे. कुणी हसतं, कुणी लगेच सही करतं.

आपल्या खात्याचे अधिकारी पाहणीला जाणार असतील तर त्यांनी ओहोटीच्या वेळी जावं, म्हणजे भारजेच्या मुखापासून टेकडीपर्यंत चालत जाता येतं. मला कळवल्यास मी स्वखर्चाने येईन. गाडी रुतली होती ती जागा मला नेमकी दाखवता येईल. पावसाळ्यानंतर तिथे वेल पुन्हा धरली आहे का, तेही मला बघायचं आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, पुणे