पार्टी जरूर करा, पण कंत्राटी कामगारांचा बोनस आधी द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, खराडी भागातल्या कंपन्यांमध्ये नाताळच्या पार्ट्यांची लगबग सुरू होते. रिसेप्शनजवळ झाड उभे राहते, चिठ्ठ्या काढून एकमेकांना भेटी दिल्या जातात, एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी जेवण आणि गाणी असतात. त्याआधी दिवाळीत ट्रॅडिशनल डे आणि रांगोळी स्पर्धा झालेलीच असते. यात मला काही वावगे वाटत नाही. वर्षभर मान मोडून काम करणारी माणसे एक संध्याकाळ एकत्र हसली-बोलली तर ते हवेच आहे. माझे म्हणणे त्याच इमारतीत राबणाऱ्या दुसऱ्या माणसांबद्दल आहे. हाउसकीपिंगच्या बायका, सिक्युरिटीवाले, कँटीनमधली मुले, माळी, लोडिंगवाले. यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात पार्टीच्या दिवसापर्यंत हक्काचा बोनससुद्धा पडलेला नसतो, आणि त्याची साधी विचारपूसही कोणी करत नाही.

आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा, असे कायदा सांगतो. मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्यांसाठी ही मुदत ३० नोव्हेंबरला संपते. दिवाळीपूर्वी देण्याचा प्रघात चांगला आहे, पण ज्यांना दिवाळीत मिळाला नाही त्यांचीही मुदत आता उलटून गेली आहे. म्हणूनच हे पत्र आज लिहिते आहे.

मी निवृत्त होईपर्यंत भोसरी परिसरातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिस आणि पगाराचे काम पाहिले. ठेकेदारांची बिले माझ्या टेबलावरून पुढे जात. त्या बिलाबरोबर प्रत्येक माणसामागचा तपशील जोडलेला असे: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, पीएफ, ईएसआय, रजेचा पगार, बोनस ८.३३ टक्के, आणि सगळ्यात शेवटी ठेकेदाराचा सर्व्हिस चार्ज. म्हणजे बोनसचे पैसे कंपनी ठेकेदाराला दर महिन्याला मोजत होती. बारा महिने ते त्याच्याकडे साठत होते. ते कामगाराचे पैसे होते, ठेकेदाराचा नफा त्याखालच्या वेगळ्या ओळीत लिहिलेला होता.

आणि दिवाळीच्या आठवड्यात काय व्हायचे? ठेकेदाराचा सुपरवायझर टेम्पोतून सोनपापडीचे पुडे घेऊन गेटवर यायचा. दुसऱ्या पाळीच्या बायका रांगेत उभ्या राहायच्या. एकेकीच्या हातात पुडा द्यायचा आणि समोरच्या रजिस्टरवर सही घ्यायची. मी एकदा ते रजिस्टर जवळून पाहिले. ते बोनसचे रजिस्टर होते, ‘फॉर्म सी’. नाव, हजर दिवस, सही हे रकाने भरलेले, आणि रकमेचा रकाना कोरा. तो नंतर सावकाश भरला जाणार होता. मी एका बाईंना विचारले, ‘‘मावशी, ही सही कशाची करताय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मिठाईची, मॅडम.’’ मी ही गोष्ट वर कळवली, तेव्हा ‘तो ठेकेदार आणि त्याच्या माणसांचा प्रश्न आहे’ असे उत्तर मिळाले. पुढच्या महिन्यात बिल नेहमीप्रमाणे मंजूर झाले.

हे एका कारखान्यापुरते असते तर मी पत्र लिहिले नसते. निवृत्तीनंतर ओळखीच्या बायकांचे पीएफचे फॉर्म भरून देते, त्यांची पगारपत्रके पाहते. बोनस कधी मिळाला विचारले की बहुतेक जणी एखादी साडी, डबा किंवा मिठाई सांगतात. क्वचित कोणी ‘पाचशे रुपये दिले होते’ म्हणते.

आता हिशेब पाहा. २०१५ च्या दुरुस्तीने बोनसची गणना दरमहा ७,००० रुपये किंवा त्या कामाचे किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर करायची, असे ठरले. महाराष्ट्रात भत्त्यासह किमान वेतन सात हजारांच्या पुष्कळ वर गेले आहे. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या रकमेचा बारावा भाग, म्हणजे जवळजवळ एका पूर्ण महिन्याचे किमान वेतन. कंपनीला तोटा झाला तरी हा किमान बोनस द्यावाच लागतो. नफा चांगला असेल तर तो वीस टक्क्यांपर्यंत जातो. वर्षात तीस दिवस काम केलेला माणूसही त्याच्या हिश्श्यापुरता पात्र असतो, मधेच नोकरी सोडून गेलेलाही. झाडूपोछा करणाऱ्या बाईच्या घरात एक अख्खा पगार म्हणजे मुलाची वर्षाची फी असते किंवा सावकाराचे अर्धे देणे. त्याच्या जागी पुडा मिळतो.

दिवाळी आली की व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरतो. इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्याचा केला, त्यात चार आठवड्यांचे पैसे बुडाले, म्हणून बोनस सुरू झाला, असे त्यात असते. वाचायला बरे वाटते, पण इतिहास तसा नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अफाट नफा झाला आणि महागाईने कामगार पिचला, तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी दहा टक्के ‘वॉर बोनस’ दिला, पुढच्या वर्षी पंधरा टक्के. १९२३ चा बोनस नाकारला गेला तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरणगावात मोठा संप झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा असा कायदेशीर हक्क नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे तेव्हा बोनस ही मालकाची मर्जीच होती. ती मर्जी हक्कात बदलायला पुढे चाळीस वर्षे लागली: संप झाले, लवाद झाले, १९५० मध्ये नफ्यातून बोनस काढण्याचे सूत्र ठरले, मेहेर आयोग बसला, आणि १९६५ मध्ये बोनस कायदा झाला. आणीबाणीत सरकारने त्यालाही कात्री लावली होती, ती १९७७ मध्ये मागे घ्यावी लागली. परळ-लालबागच्या माणसांनी हे मिळवले आहे. त्याची पोस्त होऊन गेटवर वाटली जावी, हे मला सहन होत नाही.

पळवाटा पुष्कळ आहेत. वीसपेक्षा कमी माणसे दाखवायची, म्हणून एकाच ठेकेदाराच्या दोन-तीन फर्म असतात. खरे तर १९६५ चा कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसे वीसच्या खाली गेली तरी तो लागूच राहत असे. नव्या आस्थापनेला पहिली पाच वर्षे नफा होईपर्यंत सूट आहे, म्हणून दर काही वर्षांनी भावाच्या किंवा बायकोच्या नावाने नवी फर्म निघते. माणसे तीच, गणवेशावरचा बिल्ला तेवढा बदलतो. सगळ्यात सोपी पळवाट म्हणजे दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार बदलणे. जुना म्हणतो मी आता नाही, नवा म्हणतो मी तेव्हा नव्हतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता (नव्या चार कामगार संहितांपैकी एक) लागू झाली आणि १९६५ चा कायदा तिच्यात सामावला गेला. कामगार संघटनांचे या संहितांवर अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मलाही पटतात. पण या विषयापुरत्या तिच्यातल्या आणि तिच्या नियमांतल्या दोन गोष्टी कामगारांनी नीट समजून घ्याव्यात. एक, बोनस कामगाराच्या बँक खात्यातच जमा करायचा आहे. म्हणजे पुडा देऊन सही घेतली, हा पुरावा यापुढे चालू नये. दुसरी जास्त महत्त्वाची, केंद्राने संहितेखाली मांडलेल्या नियमांतली: ठेकेदाराने किमान बोनस दिला नाही आणि कामगारांनी किंवा नोंदणीकृत संघटनेने तसे लेखी कळवले, तर खातरजमा करून तो बोनस मूळ कंपनीला द्यावा लागेल. ‘तो त्यांचा आपापसातला प्रश्न’ हे उत्तर आता कोणत्याही एचआर विभागाला देता येणार नाही. मात्र लेखी कळवणार कोण? जिची नोकरी सुपरवायझरच्या एका फोनवर जाते ती बाई कंपनीला पत्र लिहिणार नाही. म्हणून पहिले पाऊल कंपनीनेच उचलायला हवे.

ते अवघड अजिबात नाही. दरमहा बिलात बोनसचे पैसे ठेकेदाराला देऊच नयेत. ते कंपनीकडे ठेवावेत, आणि कामगारांच्या खात्यात रक्कम जमा झाल्याची बँकेची यादी ठेकेदाराने दाखवली की मगच द्यावेत. जाणाऱ्या ठेकेदाराचे शेवटचे बिल आणि डिपॉझिट बोनस चुकता झाल्याशिवाय सोडू नये. कोणाला किती बोनस मिळाला याची यादी गेटवर मराठी आणि हिंदीत लावावी. आपल्या राज्यात याहून चांगली व्यवस्था पूर्वीपासून आहे. माथाडी मंडळे आणि सुरक्षा रक्षक मंडळ यांच्याकडे नोंदलेल्या कामगारांचे पैसे मालक लेव्हीसह (मजुरीवरच्या ठरावीक आकारासह) मंडळात भरतो आणि बोनस मंडळामार्फत दिला जातो. मधला माणूस त्यात हात घालू शकत नाही. १९६९ आणि १९८१ च्या कायद्यांनी जे हमालांना आणि रक्षकांना दिले, ते सफाई करणाऱ्या बायकांना का देऊ नये, याचा विचार कामगार खात्याने करावा.

कायम कर्मचाऱ्यांकडेही एक मागणे आहे. मुंबई महापालिकेने २०२५ च्या दिवाळीत ३१ हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले तेव्हा ऑफिसा-ऑफिसांत त्याची चर्चा झाली, आपल्याला किती मिळणार याचीही झाली. तशीच एक चौकशी आपल्या मजल्यावर चहा देणाऱ्या काकांची करा. त्यांच्या वतीने एचआरला एक मेल टाकायला तुमची नोकरी जात नाही. युनियन असेल तर करार करताना कंत्राटी कामगारांचा बोनस हे कलम पहिल्या पानावर आणा. आणि पार्टीला त्यांनाही बोलवा, खुर्ची देऊन. पार्टी संपल्यावर उरलेली ताटे उचलायला बोलावणे हे आमंत्रण नव्हे.

संपादक महाशय, आपल्या दैनिकात दिवाळीत बोनसच्या आकड्यांच्या बातम्या ठळक येतात. आता मुदत उलटल्यावर, चाकण, भोसरी, हिंजवडीतल्या किती ठेकेदारांनी खरोखर बोनस दिला, याची एक बातमी आपण करावी, अशी विनंती आहे. बँकेचे स्टेटमेंट घेऊन बोलायला तयार असलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांची नावे छापणार नाही, एवढी हमी दिलीत तर त्यांना आपल्या प्रतिनिधीकडे मी स्वतः घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त पगार लिपिक
चिंचवड, पुणे