चावी देणाऱ्याचं काय?

महोदय,
मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि सतरा वर्षांच्या चालकाला ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. संताप रास्तच. तेव्हापासून ‘पोरांना मोठ्यांसारखीच शिक्षा द्या’ हा धोशा सुरू आहे. पण २०१५च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयोगटावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची सोय आहेच. त्यासाठी गुन्ह्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा असावी लागते मात्र. या प्रकरणात लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमाला अशी किमान शिक्षा नाही, तिथे घोडं अडतं. ही फट जरूर बुजवा. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं, ते किती बापांना लागलं? आमच्या गल्लीत नववीतला पोरगा बुलेट उडवतो. वडील गॅलरीतून कौतुकाने रील काढतात!
– एक वाचक, पुणे