आईची कुडी पदराला बांधणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. कोटावरच्या पट्टीवर शाई सांडली होती आणि त्या रात्री नाव विचारायचं भान कोणाला होतं? कान-नाक-घशाच्या वॉर्डात रात्रपाळी, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी. एवढ्यावर ओळख पटत असेल तर हे पत्र तुम्हालाच आहे.

आईचा डावा कान शनिवारपासून ठणकत होता. सोमवारी सकाळी चहा ओठाच्या कडेनं लुगड्यावर सांडला. बघतो तर तोंड उजवीकडं ओढलेलं आणि डावा डोळा मिटेना. आमच्या माणदेशात याला एकच नाव, वारं गेलं. पारव्याचं रक्त चोळा म्हणणारेही दोघं भेटले. ते निदान आईच्या जवळ तरी बसले होते. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. मग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचा सीटी झाला, तो चांगला आला, आणि 'बेल्स पाल्सी आहे, म्हणजे चेहऱ्याची नस लुळी पडलीय, आपोआप जाईल' म्हणत ताकदीच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. आई दोन्हीकडं एकच सांगत होती, "बाबा, कान लई दुखतोय." पहिले म्हणाले, वयानं दुखतो. दुसऱ्यांनी मला विचारलं, "त्यांना काय म्हणायचंय?" आई समोरच बसली होती, डॉक्टर. मराठीतच बोलत होती.

मंगळवारी रात्री तिला घेरी यायला लागली, उलट्या झाल्या, तेव्हा तुमच्या सरकारी दारात आलो.

तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. "आजी, सुनेवर रागावल्यासारख्या कपाळाला आठ्या घाला बघू." उजवीकडं आठ्या पडल्या, डावीकडं कपाळ कोरं. केसपेपरच्या पाठीवर तुम्ही मला चित्र काढून दाखवलंत. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून मेंदूत एका बाजूला झटका आला तर तोंड वाकडं होतं पण कपाळ सहसा हलतं. इथं कपाळही गेलं होतं, म्हणजे बिघाड खाली, कानामागच्या हाडातल्या बारीक बोगद्यातून येणाऱ्या नसेत. "पण हे घरी तपासत बसू नका," हेही बजावलंत. झटका असेल तर गुठळी विरघळवायच्या औषधाला साडेचार तासांची मुदत असते, त्यामुळं पहिल्यांदा सीटी केला ते बरोबरच केलं, म्हणालात. आधीच्यांना तुम्ही एक शब्द लावला नाहीत. मी लावतोय, कारण पुढचं काम त्यांनाही जमण्यासारखं होतं.

"आजी, पदर जरा मागं घेऊ का?"

तीन दिवसांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. पदराखाली, कानाच्या वाटीत, पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोसच होता. नागीण. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" आल्या होत्या. तोच विषाणू साठ वर्षं नसेत दबा धरून बसला होता. रामसे हंट सिंड्रोम. हंट नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं 1907 साली वर्णन करून ठेवलेला आजार, आणि आम्ही तीन दिवस तो पदराखाली झाकून हिंडत होतो. बेल्स पाल्सीत बरेच जण पुरते सुधारतात; यात नस जास्त खराब होते, ऐकू येण्यावरही परिणाम होतो, म्हणून विषाणूवरचं औषध आणि स्टेरॉइड दोन्ही लवकर सुरू व्हावी लागतात, शक्यतो तीन दिवसांच्या आत. आईला साखर आहे, म्हणून भरती करून घेतलंत. पुढचं सगळं वॉर्डानं केलं, ते लिहीत नाही.

नागीण म्हटल्यावर आई भ्यायली. विळखा पुरा झाला की माणूस जातं, हे तिच्या डोक्यात. तुम्ही हसून म्हणालात, "कानाला विळखा घालायला जागा कुठंय, आजी?" ती वाकड्या तोंडानं हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

आणि मग ती कुडी. सुजलेल्या पाळीत रुतलेली, माझ्या वडिलांनी केलेली, किती वर्षं काढलेली नव्हती कोण जाणे. कापावी लागेल असं नर्स म्हणाल्या. बाहेर रांग होती. तुम्ही फिरकीला मलम लावलंत आणि एका हातानं कान धरून, अगदी दाणा दाणा फिरवावा तशी ती सोडवलीत. आईचा हात तुमच्या मनगटावर होता. दुखलं की ती दाबायची, तुम्ही थांबायचात. कुडी गॉजच्या तुकड्यात गुंडाळून तुम्ही मला दिली नाहीत. तिच्याच पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलीत आणि म्हणालात, "चाचपून बघा, आहे ना?"

त्या रात्री आई दर थोड्या वेळानं ती गाठ चाचपायची. मी बाकड्यावरून बघत होतो. माणसाला माणूस म्हणून वागवायला यंत्र लागत नाही, पगारही वाढत नाही, तरी ते इतकं दुर्मीळ का, याचा विचार करत.

आता चार महिने झाले. डोळा मिटतो, रात्री मलम घालून पापणीवर पट्टी लावायचं माझं काम संपलं. हसताना तोंड अजून थोडं ओढतं. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्यांनी उजवीकडं बसायचं असा हुकूम आहे. कुडी गेल्या आठवड्यात पुन्हा घातली.

तिनं तुमच्यासाठी घरच्या शेंगा दिल्या होत्या. दोनदा आलो, तुमची ड्यूटी बदललेली. वॉर्डातल्या मावशींकडं पिशवी ठेवली आहे, निळी, वर आईनं गाठ मारलेली. गाठ घट्ट आहे, मलम लागेल.

तुमचा,
आजींचा मुलगा