आधी घाट उतरायला शीक

पुणे, डिसेंबर

प्रिय मनू,

तुझं लडाखचं ठरलं हे मला बाबांकडून कळलं. माझ्याशी बोलताना तू विषय बदललास, म्हणजे आई नाही म्हणणार असं तू धरून चाललीस. मी नाही म्हणत नाहीये. गाडी घेतलीस, जूनची रजा टाकलीस, मैत्रिणी तयार आहेत; जा खुशाल. पण फोनवर काही सांगायला लागलं की तू "हो गं आई" करून पुढे सरकतेस, म्हणून हे लिहून पाठवतेय. काल आम्ही दोघं वरंध्याच्या घाटाने उतरलो, आंबेनळीने चढलो आणि पसरणीने खाली येऊन घरी परतलो. एका दिवसात तीनशेच्या आसपास किलोमीटर. मी माझ्या ॲव्हेंजरवर, बाबा त्यांच्या जुन्या बुलेटवर. (त्या बुलेटला मी हात लावत नाही. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. ऐन वळणावर माझे पाय आपापसात भांडतील.)

साडेपाचला निघालो. कात्रजच्या बोगद्यापर्यंत थंडी जाणवली नाही, पण कापूरहोळला हायवे सोडून भोरच्या रस्त्याला लागलो आणि बोटं आखडली. नुसते लोकरी हातमोजे वाऱ्यापुढे टिकत नाहीत, आतून लोकर आणि बाहेरून लेदर असं काहीतरी हवं. भोरमध्ये चहाच्या टपरीवर वरंधा चालू आहे ना, याची खात्री करून घेतली. हे प्रत्येक वेळी करावंच लागतं. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंद ठेवतात, एरवीही रस्त्याच्या कामासाठी बंद असतो, आणि नकाशावरची निळी रेघ तुला ते दरवेळी सांगेलच असं नाही. एसटीचा ड्रायव्हर बरोबर सांगतो.

भोरच्या पुढे नीरा देवघर धरणाचं पाणी लागतं आणि बराच वेळ बरोबर राहतं. हा हिरडस मावळ. भात कापून झालेला, खाचरांत नुसती धसकटं, मधूनच पेंढ्याची उडवी. रस्ता पाण्याकाठाने वळत जातो आणि घाट सुरू होण्याआधीच गाडीला आणि अंगाला एक लय सापडते. नीरेचा उगम इथलाच, वर शिरगावला. इथे पडलेला पाऊस नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जातो. खिंडीच्या पलीकडे पडलेला पाऊस सावित्रीला मिळतो आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. दोन पावसांमधलं अंतर किती, तर एक वळण. बाबा तिथे दरवेळी गाडी थांबवतात आणि मला हे दरवेळी सांगतात. मीही दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकते.

घाटाच्या तोंडाशी वाघजाईचं देऊळ आहे. समोर दरी, बाजूला भजी-चहाच्या टपऱ्या आणि माकडांची टोळी. हेल्मेटमध्ये हातमोजे ठेवून चहा प्यायला जाऊ नकोस, परत मिळत नाहीत. वरच्या कातळात पाण्याची खोदीव टाकी आहेत, कावळ्या किल्ल्याची. हा रस्ता काढताना तो किल्लाच मधोमध चिरला गेला. आपण ज्या खिंडीत उभं राहून भजी खातो ती किल्ल्याच्या पोटातली, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

आणि आता मुद्द्याचं. वाघजाईपासून घाट खाली कोसळतो. तुझे सगळे फोटो चढाचे असतात, वर पोचल्याचे, पाटीजवळचे. चढ गाडी चढते गं. इंजिन दमदार असलं की झालं; चुकून ॲक्सिलरेटर सुटला तर गाडी आपोआप मंदावते. उताराला चुकीची भरपाई करणारं कोणी नसतं. तिथे गाडीचं वजन, तुझं वजन आणि मागे बांधलेल्या बॅगांचं वजन, सगळं तुला पुढे ढकलत असतं.

म्हणून ज्या गिअरमध्ये हा चढ चढली असतीस, त्याच गिअरमध्ये उतर. दुसरा किंवा तिसरा. इंजिन गुरगुरू दे, त्याला काही होत नाही. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना, आणि वळणात शिरेपर्यंत सोडायचा. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक हळूहळू पकड सोडतो. बाबांच्या बुलेटचे जुने ड्रम ब्रेक तर लवकरच हात टेकतात, म्हणून ते उताराला माझ्याहून सावकाश असतात आणि मी खाली टपरीवर त्यांची वाट बघत बसते. न्यूट्रल करून घाट उतरणारे काकालोक तू पाहिले असशील. पेट्रोल वाचतं म्हणतात. हल्लीच्या फ्युएल-इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ते हिशेबातही बसत नाही: ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाचं पेट्रोल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं लागतंच. म्हणजे ब्रेकही गेला आणि पेट्रोलही.

तुझ्या गाडीला एबीएस आहे हे मला माहीत आहे, तू ते मला ऐकवणारच होतीस. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, बस इतकंच. रस्त्यावर बारीक खडी पडली असेल तर ते खडीची पकड वाढवत नाही. वरंध्यात डोंगराच्या बाजूने खडी वाहून आलेली असते, नेमकी वळणाच्या आतल्या कडेला, जिथे तुला गाडी झुकवायची असते. आणि डिसेंबरातही एखाद्या वळणावर कातळातून पाणी पाझरून डांबर ओलं असतं. कापलेल्या दरडीकडे नीट बघ. काळ्या बेसाल्टचे थर एकावर एक आणि मध्ये कुठेतरी लाल मातीचा पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोट आला, थंड झाला, त्यावर माती तयार झाली, मग पुढचा लोट आला, त्याने ती भाजली. दोन थरांच्या मधल्या अशा सांध्यातून पाणी बाहेर पडतं. लाल पट्टा दिसला की पुढे ओलं असेल असं मी धरूनच चालते. दहातल्या काही वेळा फसते, पण त्याने नुकसान काही होत नाही.

खाली आलं की हवा बदलते. जर्किनची चेन आपोआप खाली येते, आंब्या-फणसाची झाडं सुरू होतात. तळिये याच डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला. २२ जुलै २०२१ च्या पावसात दरड कोसळून तिथली ऐंशीच्या वर माणसं गेली. त्या पट्ट्यातून जाताना बाबा काही बोलत नाहीत आणि मी हॉर्न वाजवत नाही. घाटात पावसाळ्यात जायचं नाही, हा आपल्या घरातला नियम तू लहान असल्यापासून आहे. तुला धबधबे बघायचे असतील तर एसटीने जा, नाहीतर पाऊस सरल्यावर ये. त्यावर वाद नाही.

महाडला चवदार तळ्यावर थांबलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या पाण्याला ओंजळ लावली ते तळं आता चारी बाजूंनी गावाच्या मधोमध आहे. पायऱ्यांवर शाळेतली पोरं गणितं सोडवत बसली होती. पुढे पोलादपूरपर्यंतच्या हायवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रुंद आहे, सरळ आहे, झोप येते. पोलादपूरला एका खाणावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोलकढी. जेवण अर्धपोटी केलं. पोटभर जेवून आंबेनळी चढायची नसते.

पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, आणि तेवढ्यात हजार मीटरहून जास्त चढ. रस्ता अरुंद, झाडी दाट, दरी डाव्या-उजव्या हाताला आलटून पालटून. २८ जुलै २०१८ ला याच घाटात सहलीला निघालेली एक बस दरीत गेली होती, तीसेक माणसं गेली. एकजण वर येऊन सांगू शकला म्हणून कळलं. तुला घाबरवायला लिहीत नाहीये. तिथे कठडा असला तरी तो कठडाच आहे, भिंत नव्हे, एवढं डोक्यात असू दे. समोरून गाडी आली आणि रस्ता एकाचाच असला तर चढणाऱ्याला आधी वाट, हा कायद्याने नियम आहे. पण समोरच्याला तो माहीत असेल यावर विसंबू नकोस. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, आपली डावी बाजू, आणि नजर दरीत न टाकता वळण जिथे संपतं तिथे. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते. दरी बघायचीच असेल तर थांब, स्टँड लाव, मग मनसोक्त बघ.

कालही आम्ही वाडा कुंभरोशीच्या अलीकडे तसेच थांबलो. वर प्रतापगड, खाली जावळीचं रान. दुपारी दोन वाजता त्या झाडीत ऊन पोचत नव्हतं. वाईला तळ टाकून बसलेला अफझलखान १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीसाठी या रानात उतरला तो रडतोंडीच्या घाटाने. हत्ती, घोडे, तोफा घेऊन. ज्याने त्या वाटेला हे नाव दिलं त्याला घाट उतरणं म्हणजे काय ते माहीत होतं! आम्ही त्याच्या उलट दिशेने, संध्याकाळी वाईला पोचणार होतो, पेट्रोलवर आणि डांबरावरून, तरी बाबा पाठ धरून म्हणालेच, "खानाचं कौतुक केलं पाहिजे."

जसजसं वर जावं तसा काळा दगड संपून जांभा सुरू होतो. रस्त्याच्या कडा लाल, गाड्यांची चाकं लाल, माझे बूट लाल. सावित्रीचा उगमही इथलाच, क्षेत्र महाबळेश्वरला. सकाळी महाडात जिच्या काठाने गेलो ती नदी दुपारी डोक्यावर सापडली. कृष्णा, कोयना, वेण्णाही तिथल्याच, पण त्या पूर्वेला जातात आणि सावित्री एकटीच्या जिवावर कड्यावरून कोकणात उडी मारते. गाव मात्र मी टाळलं. रविवारच्या महाबळेश्वरात पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहायचं, त्यापेक्षा घरी कपाट आवरलेलं बरं. रस्त्यावरच अर्धा किलो स्ट्रॉबेरी घेतली, तिथेच संपवली.

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना ऊन पाठीमागे होतं. समोर धोमचं पाणी, वाई, कृष्णेचा पट्टा. तीन घाटांत सगळ्यात सोपा हाच आणि मला सगळ्यात जास्त भीती इथेच वाटते, कारण गर्दी. सहलीला आलेल्या ऑटोमॅटिक गाड्या ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत असतात. निम्म्या घाटात जळक्या ब्रेकचा वास येतो. तो वास पुढच्या गाडीतून आला की तिच्यामागे राहू नकोस, बाजूला थांबून तिला जाऊ दे. ओव्हरटेक करून तिच्या पुढे जाणं हा तर मूर्खपणा. ब्रेक गेलेली गाडी मागून येणारी हवी की पुढून जाणारी, तूच ठरव.

वाईनंतर अंधार पडला. उसाचा हंगाम आहे, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला. घाटांत लागली नसेल एवढी नजर सुरूरपर्यंत लावली. पुण्याकडे येताना खंबाटकी चढायचा नसतो, बोगद्यातून येतो आपण, पण बोगदा संपल्यावरचं उताराचं वळण विसरू नकोस. तिथे ट्रक उलटतात. नऊच्या आधी घरी.

आता लडाख. तिथे लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे दोन दिवस गाडी न काढता नुसतं पडून राहायचं, उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारायचं. विरळ हवेत इंजिनाचाही दम कमी होतो, म्हणून चढताना कुरकुरली तर गाडी बिघडली असं समजू नकोस. पण खिंडीच्या माथ्यावरून खाली येतानाच्या तासाचं काय? बर्फ वितळून रस्त्यावर आलेलं पाणी, बधिर बोटं, मागे वीस किलो सामान. ते तुला बंगळुरूच्या सपाट रस्त्यावर आणि नंदी हिल्सच्या एका रविवारात कळायचं नाही.

तेव्हा माझी एकच अट आहे. संक्रांतीला येतेस ना, गाडी घेऊनच ये. नाहीतर माझी घे, मी बाबांच्या मागे बसेन. जूनला जेवढं सामान नेणार आहेस तेवढंच बांधायचं आणि हाच रस्ता करायचा. तू पुढे, आम्ही मागे. वरंध्यात मी फक्त तुझा मागचा ब्रेकचा लाल दिवा बघणार आहे, तो किती वेळ पेटलेला असतो ते. येण्याआधी चेन आवळून घे, मागच्या टायरचे खाचे बघ, पेट्रोल भोरलाच भरू.

तुझी,
आई

ता. क. पोलादपूरचे वाल आणि डिंकाचे लाडू कुरियर केलेत. बुधवारपर्यंत येतील, खाली सिक्युरिटीला सांगून ठेव. वाल रात्रभर भिजवून मोड काढायचे असतात, कुकरमध्ये तसेच टाकू नकोस.